'लेट ऑफ स्टीम': इंग्रजीची वाफ आणि मराठीची आग

लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या माणसांबरोबर काम करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मुलामुलींच्या कानांवर एक वाक्य कधी ना कधी पडतंच. मीटिंगमध्ये साहेब दहा मिनिटं तणतणतो, मग घोटभर पाणी पितो आणि म्हणतो, 'सॉरी, आय वॉज जस्ट लेटिंग ऑफ स्टीम.' समोरच्याला 'सॉरी' कळतं. पुढचं अंदाजाने लावून घ्यावं लागतं. अमेरिकेत हेच म्हणताना 'ब्लो ऑफ स्टीम' असा प्रयोग जास्त होतो. साचलेला राग, ताण किंवा अंगात मावेनाशी झालेली शक्ती कुणाला इजा न करता बाहेर काढून टाकायची, हा दोन्हींचा अर्थ.

अर्थ इतका सरळ असूनही मराठीत आणताना हा वाक्प्रचार हातातून निसटतो. 'त्याने वाफ सोडली' असं लिहिलं तर वाचकाला काहीच बोध होत नाही. 'वाफ दवडली' लिहिलं तर अर्थच उलटा होतो. दोन भाषांनी रागाची दोन वेगळी चित्रं मनात धरली आहेत, म्हणून असं होतं असं मला वाटतं. ती चित्रं पाहायची तर आधी बॉयलरपाशी जायला हवं.

बॉयलर आणि त्याची झडप

उघड्या भांड्यात पाण्याची वाफ झाली की ती मूळ पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा व्यापते. भांडं बंद असेल तर ही जागा मिळत नाही आणि वाफ चहूबाजूंनी रेटा देऊ लागते. देनी पापँ या फ्रेंच संशोधकाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे घट्ट झाकणाचं एक भांडं मांडलं. त्यात हाडंसुद्धा मऊ शिजत. भांडं फुटू नये म्हणून त्याने झाकणाच्या भोकावर झडप बसवली आणि ती दाबून धरायला एका दांडीला वजन लटकवलं. आतला दाब वजनाला भारी पडला की झडप उचलली जाई, वाफ फस्सकन निघून जाई आणि झडप पुन्हा खाली बसे. १२ एप्रिल १६८२ रोजी सोसायटीच्या सदस्यांनी या भांड्यात शिजलेलं जेवण जेवून पाहिलं, आणि जॉन एव्हलिन यांनी आपल्या रोजनिशीत त्याची नोंद केली. आपल्या कुकरची शिट्टी म्हणजे तेच वजन, फक्त दांडी गेली.

पुढे वाफेने खाणीतलं पाणी उपसलं, गिरण्या चालवल्या, गाड्या ओढल्या. दाब वाढत गेला तसा धोकाही. १८०३ मध्ये लंडनजवळच्या ग्रिनिच इथे रिचर्ड ट्रेव्हिथिक याचा एक बॉयलर फुटला आणि कामगार दगावले. त्यानंतर ट्रेव्हिथिकने आपल्या बॉयलरना एकाऐवजी दोन झडपा बसवल्या, आणि शिवाय एक शिशाचं बूच. पाणी आटून बॉयलर वाजवीपेक्षा जास्त तापला की हे बूच वितळायचं आणि वाफेला वाट मिळायची. कुकरच्या झाकणावर शिट्टीशेजारी जो छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, त्यातही लवकर वितळणारा धातू असतो. शिट्टी अडकली तर तो स्वतः वितळून झाकण वाचवतो. घरात वरणभात शिजत असताना ट्रेव्हिथिकची ती युक्ती आपल्या डोळ्यांसमोर असते, हे मला फार विलक्षण वाटतं.

या वाक्प्रचाराचं मूळ समजून घेताना एक बारकावा ध्यानात ठेवायला हवा. इंजिन धावत असतं तेव्हा वाफ कामाला लागलेली असते, चाकं फिरवत असते. पंचाईत होते ती गाडी स्टेशनात थांबल्यावर. भट्टीतला कोळसा काही लगेच विझत नाही. चाकं थांबलेली, आग चालू, वाफ तयार होतच राहते. ती सोडून देण्यावाचून गत्यंतर नसतं. इंग्लंड-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोकांनी हे दृश्य फलाटांवर आणि नदीकाठच्या धक्क्यांवर रोज पाहिलं, आणि त्याच काळात हा शब्दप्रयोग यंत्रावरून माणसावर आला. आत आग पेटलेली आहे पण करण्याजोगं काही नाही, अशा माणसाला तो म्हणूनच इतका चपखल बसतो. पावसाने दिवसभर घरात अडकलेलं मूल घ्या किंवा निर्णयाचा अधिकार नसलेला कारकून घ्या.

झडपेवर बसलेला माणूस

'बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्स्टन' हे अमेरिकेतलं एक आद्य इंजिन. १८३० च्या नाताळच्या दिवशी ते दक्षिण कॅरोलायनात प्रवासी गाडी ओढू लागलं. १७ जून १८३१ रोजी त्याचा बॉयलर फुटला. हकीकत अशी सांगतात की, झडपेतून निघणाऱ्या वाफेचा आवाज भट्टीवरच्या माणसाला सहन होईना, म्हणून त्याने झडपच दाबून बंद केली. आवाज थांबला. थोड्या वेळाने बॉयलर फुटला आणि त्या माणसाचा त्यात जीव गेला. पुढे त्या कंपनीने इंजिन आणि प्रवाशांचे डबे यांच्या मधे कापसाच्या गाठी रचलेला एक डबा जोडायला सुरुवात केली, का तर लोकांचा धीर परत यावा.

इंग्रजीत 'सिट ऑन द सेफ्टी व्हॉल्व्ह' असाही एक प्रयोग आहे. झडपेवर बसणं, म्हणजे लोकांची नाराजी बाहेर पडायचे मार्ग बंद करून राज्य चालवणं. आज तो क्वचित वापरतात, पण 'लेट ऑफ स्टीम'ची दुसरी बाजू त्यातूनच नीट कळते. वाफ सुटताना होणारा आवाज कानाला त्रासदायक असतो. तरी तो आवाज झडप काम करत असल्याची खूण असते. म्हणून इंग्रज माणूस 'ही वॉज जस्ट लेटिंग ऑफ स्टीम' असं म्हणतो तेव्हा त्यात एक मूक विनंती असते: आवाज झाला खरा, पण स्फोट टळला, तेव्हा मनावर घेऊ नका.

वापर कसा होतो

हा बोलीतला, घरगुती वाक्प्रचार आहे. मित्राला लिहिलेल्या पत्रात, ऑफिसातल्या गप्पांत, वर्तमानपत्राच्या स्तंभात तो शोभतो. नोकरीच्या अर्जात किंवा कायद्याच्या मसुद्यात शोभत नाही. 'स्टीम'च्या आधी 'माय', 'हिज' असं काही लावत नाहीत. फार तर 'सम' किंवा 'अ लिटल' लावतात.

अर्थाच्या तीन छटा आहेत आणि भाषांतराची सगळी अडचण त्यांच्यापाशी आहे. पहिली, बोलून राग बाहेर काढण्याची: 'डोन्ट टेक इट टु हार्ट, शी वॉज ओन्ली लेटिंग ऑफ स्टीम.' म्हणजे 'मनाला लावून घेऊ नकोस, ती नुसती तणतणत होती.' दुसरी, ताण हलका करण्याची: 'वी मीट ऑन फ्रायडेज टु लेट ऑफ स्टीम.' इथे राग मुळीच नाही. आठवडाभराचं ओझं उतरवायला चार मित्र जमतात, एवढंच. तिसरी छटा मुलांची: 'द किड्स आर लेटिंग ऑफ स्टीम इन द पार्क.' म्हणजे मुलं बागेत हुंदडतायत. या तिसऱ्या वाक्यात 'राग' हा शब्द चुकून आणला तर ती मुलं बागेत भांडतायत असं मराठी वाचकाला वाटेल.

दोन ठिकाणी गल्लत होते. 'लेट ऑफ' एवढंच असेल आणि 'स्टीम' नसेल, तर अर्थ निराळा. 'द पोलीस लेट हिम ऑफ' म्हणजे पोलिसांनी त्याला सोडून दिलं. दुसरी गल्लत अधिक महत्त्वाची. साहेबावरचा राग बायकोवर किंवा हाताखालच्या पोरावर काढणं याला इंग्रजीत 'लेटिंग ऑफ स्टीम' म्हणू नये. वाफ हवेत जायला हवी, कुणाच्या अंगावर नव्हे. अंगावर गेली तर त्याला 'टेकिंग इट आउट ऑन समवन' म्हणतात, आणि त्याला मराठीत नेमका शब्द आहे: वड्याचं तेल वांग्यावर काढणं. पुष्कळ माणसं हे दुसरं करतात आणि नाव मात्र पहिलं देतात. शब्द नीट वापरण्याचा आग्रह इथे केवळ भाषेपुरता राहत नाही.

वाफेच्या यंत्राने इंग्रजीला आणखीही बरंच दिलं. 'रन आउट ऑफ स्टीम' म्हणजे दमछाक होऊन जोर ओसरणं, 'फुल स्टीम अहेड' म्हणजे पूर्ण जोमाने पुढे जाणं, 'अंडर वन्स ओन स्टीम' म्हणजे कुणाच्या मदतीवाचून. या साऱ्यांत वाफ म्हणजे बळ. ती वाया जाऊ नये असं वाटतं. फक्त 'लेट ऑफ स्टीम'मध्ये तीच वाफ नकोशी होते.

मुंबईतली एक झडप

हे रूपक हिंदुस्थानच्या राजकारणातही शिरलं, आणि तेही मुंबईत. २८ डिसेंबर १८८५ रोजी गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. ते व्हायचं होतं पुण्यात, पण तिथे पटकीची साथ आली. ७२ प्रतिनिधी जमले, व्योमेशचंद्र बॅनर्जी अध्यक्ष झाले, आणि या साऱ्यामागे धडपडणाऱ्यांत ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे निवृत्त सनदी अधिकारी होते. विल्यम वेडरबर्न यांनी लिहिलेलं ह्यूम यांचं चरित्र १९१३ मध्ये निघालं. इंग्रजी राज्यामुळेच निर्माण झालेल्या वाढत्या असंतोषाला बाहेर पडायला सेफ्टी व्हॉल्व्ह हवा, असा ह्यूम यांचा विचार त्यात नोंदलेला आहे. तीन वर्षांनी लाला लजपतराय यांनी 'यंग इंडिया' या पुस्तकात तोच मुद्दा काँग्रेसमधल्या मवाळांविरुद्ध हत्यारासारखा वापरला: ही संस्था मुळात साम्राज्य वाचवण्यासाठी काढलेली झडप आहे.

इतिहासकार बिपन चंद्र यांनी हा सिद्धान्त खोडून काढला. त्यांचं म्हणणं असं की ह्यूम यांना झडप हवी असेलही, पण इथल्या पुढाऱ्यांना ह्यूम तडितरक्षक म्हणून हवे होते. सरकारचा पहिला रोष इंग्रज माणसावर यावा आणि रोपटं जगावं, हा त्यांचा हिशेब. मला बिपन चंद्र यांचं म्हणणं पटतं. एका यंत्राच्या रूपकाला त्यांनी दुसऱ्या यंत्राच्या रूपकाने उत्तर दिलं, याचंही मला कौतुक वाटतं. वाफ सोडली की ती संपते, पण १८८५ च्या त्या सभेतून निघालेलं काहीच संपलं नाही, ते साठ वर्षं वाढत गेलं.

रूपक मात्र टिकलं. २९ ऑगस्ट २०१८ रोजी, भीमा कोरेगाव प्रकरणातल्या अटकांविरुद्धची याचिका सुनावणीला आली तेव्हा, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी मतभेद हा लोकशाहीचा सेफ्टी व्हॉल्व्ह असल्याचं म्हटलं आणि तो नसेल तर प्रेशर कुकर फुटेल असं बजावलं. बॉयलर कुणी पाहिलेला नसला तरी कुकर सगळ्यांनी पाहिलेला असतो.

मराठीत वाफ कुठे आहे?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली तेव्हा तिला ओढायला तीन इंजिनं होती: साहिब, सिंध आणि सुलतान. वाफ तिथेही होती, मुबलक होती. तरी मराठी माणसाने या नव्या वाहनाला नाव दिलं 'आगगाडी'. जहाजाला 'आगबोट'. इंग्रजांच्या नजरेत भरली ती वाफ, आपल्या नजरेत भरली ती खालची आग.

रागाच्या बाबतीतही असंच आहे. मराठीत राग भडकतो, माणूस आग पाखडतो, तळपायाची आग मस्तकाला जाते, मनात संताप धुमसत राहतो, भांडणात तिसरा माणूस तेल ओततो. आगीची उपमा इंग्रजीतही आहे, ती काही आपलीच मिरास नाही. पण तिथे आगीच्या जोडीला वाफेचं एक भरभक्कम कोठार तयार झालं, तसं मराठीत झालं नाही. आपल्याकडे उकळीसुद्धा आनंदाची फुटते. आणि वाफ? 'तोंडाची वाफ दवडणं' म्हणजे ऐकून न घेणाऱ्यापुढे फुकट बोलणं. एकाच वाफेला इंग्रजी बाहेर काढून टाका म्हणते आणि मराठी जपून ठेवा म्हणते.

आत काही कोंडल्याची भावना मराठीत नाही असं नव्हे. 'कोंडमारा' आहे, 'घुसमट' आहे. पण नीट पाहिलं तर त्यात कोंडला जातो तो माणूसच. त्याचा श्वास अडतो. म्हणून सुटकेचा शब्दही तसाच: बोलून माणूस 'मोकळा होतो', 'मन मोकळं करतो'. इंग्रजी चित्रात माणूस म्हणजे भांडं, वाफ गेली तरी भांडं तिथेच असतं. मराठी चित्रात दार उघडतं आणि माणूस स्वतः बाहेर येतो. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. मोकळं व्हायला समोर कुणीतरी लागतं, ऐकणारं. झडपेला ऐकणारं कुणी लागत नाही.

याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे जात्यावरच्या ओव्या. पहाटे दळताना बायकांनी सासरचा जाच, माहेरची ओढ, भावाची वाट, नवऱ्याचं वागणं, सगळं जात्याला सांगितलं. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. दोघी समोरासमोर बसून एक खुंटा धरून दळत, तेव्हा ऐकणारी जात्यापलीकडेच असे. हा तणतणाट नव्हता. सुरात आणि लयीत बांधलेलं बोलणं होतं ते, आणि म्हणून टिकलं.

आरडाओरड्यासाठी आपण वर्षातला एक वेगळा दिवस राखून ठेवला होता. शिमग्याला होळीपुढे तोंडावर हात मारून बोंब ठोकायची मुभा असे, एरवी ज्याच्यापुढे मान वर करता येत नाही त्याच्याही नावाने. पण भाषेने त्या दिवसाला कसं ध्यानात ठेवलं ते पाहा. 'घरात शिमगा झाला' म्हणजे चारचौघांत शोभा झाली. 'नुसती बोंब मारतो' ही तक्रार आहे.

प्रयोगशाळेत काय दिसलं

राग बाहेर काढला की माणूस शांत होतो, या समजुतीला आधुनिक मानसशास्त्रात बळ मिळालं ते फ्रॉइड आणि ब्रॉयर यांच्या १८९५ च्या 'स्टडीज ऑन हिस्टेरिया' या ग्रंथापासून. दाबलेली भावना वाट शोधते, वाट दिली की माणूस हलका होतो. बॉयलरशी जुळणारं हे चित्र पुढे घरोघरी पोचलं. उशीवर गुद्दे मारा, मोकळ्या मैदानात जाऊन ओरडा, असे सल्ले त्यातून आले.

ब्रॅड बुशमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००२ मध्ये हे तपासून पाहिलं. ६०० विद्यार्थ्यांना त्यांच्या निबंधावर बोचरे शेरे देऊन चिडवलं. मग काहींना शेरे देणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितलं, काहींना व्यायाम म्हणून मारायला सांगितलं, आणि काहींना नुसतं बसू दिलं. त्या माणसाचा विचार करत ठोसे मारणारे शेवटी सर्वांत जास्त चिडलेले निघाले. काही न करता बसलेले सर्वांत कमी आक्रमक होते.

२०२४ मध्ये सोफी शेर्विक आणि बुशमन यांनी १५४ अभ्यास, म्हणजे दहा हजारांहून अधिक माणसांवरचं काम एकत्र पाहिलं. शरीर पेटवणाऱ्या गोष्टींनी एकंदरीत राग कमी होत नाही, धावण्याने तर उलट वाढतो. चेंडूचे खेळ मात्र उपयोगी पडतात, त्यात मजा असते म्हणून असेल. खरा फरक पडतो तो शरीर निवांत करणाऱ्या गोष्टींनी: संथ श्वास, ध्यान, योगासनं. या निष्कर्षातला राग कुणासारखा वागतो? वाफेसारखा नाही. वारा घातला की भडकणाऱ्या आणि सरपण काढून घेतलं की मंदावणाऱ्या आगीसारखा वागतो. याचा अर्थ दुःख कुणाला सांगू नये असा मुळीच नाही. जिवाभावाच्या माणसापाशी मन मोकळं करणं वेगळं, आणि त्याच अपमानाची दिवसातून दहा वेळा उजळणी करत तणतणणं वेगळं. दोहोंना इंग्रजीत एकच वाक्प्रचार आहे. मराठीत दोन आहेत.

भाषांतर करताना

कुकर उघडण्याचे दोन मार्ग घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतात. घाई असेल तर शिट्टी उचलून वाफ काढतात. जाणती बाई म्हणते, 'गॅस बंद कर आणि वाफ जिरू दे.' 'जिरणं' हे क्रियापद इंग्रजी वाक्प्रचारात नाही, पण जिथे ताण आपोआप ओसरतो आहे तिथे ते नक्की कामाला येतं. 'राग निवळला' हेही तसंच. ढवळलेल्या पाण्यातला गाळ खाली बसावा तसा राग बसतो, तो कुठे फेकावा लागत नाही.

इंग्रजी मजकुरात 'लेट ऑफ स्टीम' दिसलं की आधी वाक्यातला माणूस काय करतो आहे ते पाहा. ओरडत असेल तर 'तणतणतो', पाय आपटत आणि वस्तू आपटत असेल तर 'आदळआपट करतो', मैत्रिणीशी बोलत असेल तर 'मन मोकळं करते', मित्रांसोबत शुक्रवारची संध्याकाळ घालवत असेल तर 'जरा सैलावतो', मैदानात पळत असेल तर 'हुंदडतो'. शब्दांची वही ठेवत असाल तर या नोंदीपुढे एकच अर्थ लिहून पान उलटू नका, चार ओळी मोकळ्या ठेवा. आणि 'वाफ' हा शब्द त्यातल्या एकाही ओळीत लिहू नका.